बोर्लीच्या तंबूतले बक्षिसाचे पिक्चर

वाईट पिक्चर माणूस विसरून जातो. पण पेपरात ज्याची वाहवा झाली, दिल्लीत ज्याला बक्षीस मिळालं, असा पिक्चर बघताना झालेला वैताग काही केल्या विसरत नाही. माझ्याकडे असले किस्से इतके साचलेत की काजं करता करता एकेक आपोआप वर येतो.

माझं बोर्ली पंचतनला शिलाईचं दुकान. संध्याकाळी मशीन थांबलं की तिघे जमायचे. दिवेआगरचे नाना, त्यांची सुपारीची वाडी होती आणि घरी पेपर यायचा. आमचा पाववाला हसनमियाँ. आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला महादू. भात कापून झालं की मोकळ्या शेतात विष्णू ऑपरेटरचा तंबू लागायचा, आणि आम्ही चौघे त्याच्या मागे लागायचो, ‘बक्षिसाचा आण!’

हौस म्हणून नाही हो. त्याला कारण होती काशी, महादूची वहिनी.

*

एका हिवाळ्यात मुंबईची एक पिक्चर कंपनी दिवेआगरच्या किनाऱ्यावर उतरली. कोळी होडी घेऊन समुद्रात निघालाय, एवढंच त्यांना घ्यायचं होतं. डायरेक्टरने बजावलं, “कॅमेऱ्याकडे कुणी बघायचं नाही!”

आता कोळीवाड्यात जन्मात पहिल्यांदा कॅमेरा आलेला, आणि त्याच्याकडेच बघायचं नाही? जो तो पाण्यात शिरता शिरता मान वळवून दात काढायचा. महादूने तर वळून नमस्कार केला! डायरेक्टरने एकेकाला बाजूला काढलं. शेवटी उरला महादूचा थोरला भाऊ पांडू, काशीचा नवरा. तो एकटा छोटी होडी ढकलत गेला, उडी मारून बसला आणि वल्हवत लाटांपलीकडे गेला.

“येकदाबी वलून न्हाय बघितला मी!” दुकानात येऊन तो छाती फुगवून सांगायचा.

डायरेक्टरही खूश. जाताना म्हणाला, “या पिक्चरला बक्षीस मिळणार म्हणजे मिळणार!” पिक्चरचं नाव काय, ते मात्र आमच्यातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही.

पुढच्या मोसमात पांडू समुद्रावरून परत आला नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून बक्षिसाचा पिक्चर आला की काशी तंबूत हजर. गोणपाट अंथरून अगदी पुढे बसायची.

*

पहिल्याच बक्षिसाच्या पिक्चरमध्ये एक म्हातारा खिडकीत बसला होता. मध्यंतर झालं तरी खिडकीतच!

हसनमियाँ कळवळला, “नाना, या अल्लाह! हा उठणार कधी?”

“अरे, तो उठत नाही हेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे. पेपरात अख्खा कॉलम आलाय.”

“मग माझा चुलता सकाळपासून ओटीवर बसलाय, त्याचं नाव पण कळवा दिल्लीला!”

मला मधे डुलकी लागली. जागा झालो तर म्हातारा तिथेच. शेवटी तो मेला, तेही खिडकीतच.

बाहेर पडताना काशीने विचारलं, “ह्याच्यात समिंदर न्हाय?”

“नाही गं.”

“मंग दुसरा आना.” तिने गोणपाट झटकलं, गुंडाळलं आणि चालू लागली.

*

मग नानांना पेपरात दिसलं की समुद्रावरचा बक्षिसाचा पिक्चर अलिबागला लागलाय. झालं! सकाळच्या एसटीला आम्ही निघालो. नाना, मी, महादू आणि काशी. महादूचा एक पाय पायरीवर, तेवढ्यात मागून हसनमियाँ धावत आला. “महादू! ए महादू! वाटेत खायला पाव घेऊन जा!”

महादूने पाय खाली घेतला. पाव घेतला आणि सरळ घरचा रस्ता धरला. मागोमाग काशीही उतरली.

नाना ओरडले, “अरे, समुद्रावर थोडाच जातोयस? एसटीने जातोयस!”

“निघालेल्या मानसाला मागनं हाक मारायची न्हाय. मारली तर त्यानं माघारी फिरायचा. होडी काय नि येष्टी काय!”

हसनमियाँ बिचारा कानकोंडा झाला. काशीच त्याला म्हणाली, “जाऊ द्या, तुमाला म्हाईत न्हाय. आमचा मानूस दर्यावर निघायचा तवा मी तोंडावर पदर दाबून उभी ऱ्हायची. चुकून हाक जायाला नको म्हनून.”

कंडक्टरने घंटा मारली. अलिबागला गेलो आम्ही दोघेच. पिक्चरमध्ये समुद्र होता, पण तो रंगवलेला! वर भयंकर वादळ, होडी गरगर फिरतेय, आणि नायिकेच्या साडीची इस्त्री मोडत नाही. मी शिंपी माणूस, मला ते बघवेना. परतीच्या एसटीत दोघांचं अंग नुसतं आंबून गेलं होतं.

*

एका बक्षिसाच्या पिक्चरात लग्नाच्या पंगतीचा लांबलचक प्रसंग होता. त्या पंगतीची म्हणे परदेशात वाखाणणी झालेली. आमच्याकडे वाढपी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत निम्मा तंबू उठला. विष्णू घाबरला. माणसं गेली तर उद्या कोण येणार? त्याच्या मशीनला फिल्म उलटी फिरवायची कळ होती. त्याने ती दाबली.

पडद्यावरचे वऱ्हाडी तोंडातून अख्खे लाडू काढून पानात ठेवायला लागले! वाढपी मागच्या मागे चालत आले आणि लाडू ताटात भरून घेऊन गेले. तंबूत शिट्ट्या, टाळ्या, ‘वन्स मोअर!’ गेलेले लोक धावत परत आले.

नाना ताडकन उठले. “विष्णू! हा कलेचा अपमान आहे!”

“नाना, सुलटा तुम्ही एकट्याने बघितला. उलटा अख्ख्या बोर्लीने बघितला!”

खरं सांगायचं तर मलाही उलटाच आवडला. त्या दिवशी काशीही हसली. पांडू गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

*

पुढे मी दमलो. दरवर्षी तंबू लागायचा, दरवर्षी नाना पेपरातलं कौतुक वाचून दाखवायचे. पडद्यावर कुणीतरी भिंतीकडे बघत बसायचं, आणि आम्ही त्याच्याकडे. नानाही शेवटी म्हणाले, “बहुतेक तो पिक्चर निघालाच नसेल. कापलंही असेल पांडूला.”

“वयनीला सांगू नका,” महादू म्हणाला.

कुणी सांगितलं नाही. मनातून मात्र मला फार वाटायचं की हे आता संपावं. कुणाची आशा अशी दरवर्षी बघत राहणं सोपं नसतं.

*

आणि एका वर्षी तो आला. बक्षीस मिळालेलाच! शहरातला एक माणूस मनातल्या मनात बोलत होता. बोलत होता, बोलत होता, थांबायचं नाव नाही. हसनमियाँ माझ्या खांद्यावर डोकं टेकून चक्क घोरायला लागला. मीही उठायच्या बेतात होतो.

एकदम किनारा दिसला. सुरूची झाडं, त्यामागे माडांची रांग. नाना पुटपुटले, “अरे, ही तर आमची वाडी!” महादूने माझं मनगट घट्ट धरलं.

पांडू होडी ढकलत निघाला होता.

पाठमोरा. आम्ही त्याच्या चेहऱ्याची वाट बघत होतो. “वल रं दादा,” महादू म्हणत होता, “येकदा वल!” पांडू वळला नाही. डायरेक्टरने सांगितलेलं त्याने अक्षरशः पाळलं होतं. त्या डायरेक्टरचा मला असा राग आला म्हणता! पाणी पांडूच्या गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. उडी मारून तो होडीत बसला. होडी लहान होत चालली.

अगदी पुढे बसलेली काशी उभी राहिली. तिने तोंडावर पदर दाबून धरला होता. होडी लाटांपलीकडे जायला लागली तेव्हा तिने पदर खाली घेतला.

“अवो!” ती ओरडली. “माघारी फिरा!”

तंबूत अख्खा कोळीवाडा बसला होता. मागून हाक मारली म्हणून कुणी तिला टोकलं नाही.

मागे विष्णूचं मशीन खट्कन थांबलं. क्षणभर नुसता अंधार. मग ते पुन्हा सुरू झालं.

लाटा किनाऱ्यावरून उठून समुद्रात शिरायला लागल्या. होडी पलीकडून मोठी होत आली. पांडू होडीतून पाण्यात उतरला, आणि मागच्या मागे एकेक पाऊल टाकत कोरड्या वाळूवर आला. त्याची पाठ मोठी होत होत अगदी आमच्यापर्यंत येऊन पोचली.

काशी खाली बसली. मग गोणपाटावर जराशी सरकली, आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.