एक दिवसाचं शिबिर आणि अक्काची बैठक

जो माणूस तासभर मांडी हलवत नाही, नाकावर माशी बसली तरी डोळा उघडत नाही, त्याचं जेवण अकराला तयार नसलं तर काय होतं, हे मी पाहिलंय. आजही आठवलं की माझं डोकं असं तापतं, की त्यावर पापड भाजून घ्यावेत.

आमच्या भोकरदनला अधूनमधून एखाद्या रविवारी जुन्या साधकांचं एक दिवसाचं ध्यान शिबिर भरतं. जुने म्हणजे दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेले. नवख्याला प्रवेश नाही. शाळेच्या हॉलमधले बाक भिंतीला सरकवायचे, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, फोन पिशवीत जमा, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मौन. जालन्याहून लोक पहिल्या बसनं येतात. एमआयडीसीतले दोघं रात्रपाळी उरकून मोटारसायकलवर येतात. व्यवस्थापक मी. पस्तीस वर्षं कंडक्टर होतो. मी भोकरदनला आवाज दिला तर सिल्लोडला माणसं बसला हात करायची. आणि मौन सांभाळायचं काम माझ्याकडं!

स्वयंपाक अक्काकडं. अक्का त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दहा दिवसांचं शिबिर तिनं आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या आधी केलेलं. पण हॉल शाळेचा, शेगडी शाळेची, म्हणून पहिल्या वेळी कुणीतरी म्हणालं, "अक्का आहेतच की." तेव्हापासून अक्का आहेतच. हॉलमध्ये एकदाही बसली नाही. किती ताटं लागतील ते बघायला दारातून डोकवायची, तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात तयारीच्या बैठकीला ती पदराला हात पुसत आली.

"भाऊ, या खेपेला मला बी बसायचंय. घरी डोळे मिटले की नातू मांडीवर येतो, सून हाका मारती. सहा महिन्यांत धड एक तास बसले न्हाई. इसरून जाईन मी सगळं."

मग आमचे साहेब बोलले. बियाणे कंपनीतून निवृत्त झालेले, नवीन जालन्याला बंगला. सगळ्यांत पुढची गादी त्यांचीच. अर्धे डोळे मिटून म्हणाले, "अक्का, तुमची सेवा हीच तुमची साधना. आम्ही बसून मिळवतो ते तुम्ही शिजवून मिळवता. पुण्य तर तुमचंच जास्त."

आणि तीस माना डोलल्या! एक म्हणून अडखळली नाही. नुसतं बसणाऱ्या आम्हा लोकांना हे जास्तीचं पुण्य उचलायला एवढं जड का जातं, ते कुणी सांगावं!

मी म्हणालो, "मंग साहेब, हे जास्तीचं पुण्य या खेपेला तुम्हीच घ्या. भगुणं घासून ठेवतो."

"मला सवय नाही हो शेगडीची."

"तिला तरी जन्मतः होती का?"

कुणीतरी डबे आणायचं काढलं. साहेब म्हणाले, गार जेवणानं ध्यान लागत नाही. माझं टाळकंच सरकलं. "मी शिजवतो! पाचशे पानांची पंगत उठवलीय मी!" खरं तर त्या पंगतीत मी मीठ वाढलं होतं. पानंही दीडशेच असतील.

अक्का म्हणाली, "पाणी दुप्पट, जाळ बारीक. अन् बोलत बसू नका शेगडीपाशी."

"कुणाशी बोलू? सगळे मौनात."

"तुमचं काय सांगावं! भगुण्याशी बी बोलताल."

रविवारी अक्का धुतलेलं लुगडं नेसून, काखेत वाकळेची घडी घेऊन आली. शेवटच्या रांगेत भिंतीजवळ वाकळ अंथरली आणि तिच्यावर इतकी हळू बसली, जणू ती कुणी उसनी दिलीय.

उशीर झाला म्हणून साडेदहाला मी जाळ मोठा केला. करपल्याचा वास असा उठला, की शेजारच्या गल्लीतली मांजरं गाव सोडून गेली ती अजून परत नाहीत. मी हॉलच्या दारात आलो. ज्यांना वर्षानुवर्षं शिकवलंय, की जे येतं ते बघा आणि जाऊ द्या, त्यांचे डोळे एकेक करून उघडले. आणि कुणीही शेगडीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी बघितलं अक्काकडं.

साहेब उठले. बायकांच्या बाजूला गेले, वाकले, अक्काच्या पुढ्यात बोटांनी फरशी टकटक वाजवली आणि शेगडीकडं बोट दाखवलं. तोंडातून शब्द नाही. मौन एकदम शाबूत!

अक्कानं डोळे उघडले. एक हात फरशीला टेकला. इतक्या वर्षांची सवय, अंग आपोआपच उठतं. ती अर्धी उठलीसुद्धा. मी कोपरापर्यंत काळा, हातात झारा, तसाच धावत गेलो आणि मध्ये उभा राहिलो. तळहात खाली दाबून तिला खूण केली, बस. मग दुसऱ्याच्या सीटवर हक्क सांगणाऱ्या प्रवाशाला धरावं तसं साहेबांचा दंड धरून त्यांना त्यांच्या गादीवर नेऊन बसवलं.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग फरशीवरचा हात उचलून तिनं मांडीत घेतला आणि डोळे मिटले.

खिचडी वर कच्ची, खाली कोळसा, मध्ये काय होतं ते मलाही कळलं नाही. पण मौन होतं ना! तीस माणसांनी ती निमूट गिळली. अक्कानं ओठ दाबून हसू आवरलं.

पाचला मौन सुटलं. नऊ तासांनंतर साहेबांचं पहिलं वाक्य, "व्यवस्था फार ढिसाळ होती."

"खिचडी करपली, साहेब, कबूल. पण बसलेल्या बाईला उठवायला तुम्ही गेलात कसे?"

"मी एक शब्द तरी बोललो का?"

"तेच तर! बोलला असता तर निदान लाज वाटली असती!"

लोक चपला शोधायला लागले. एकानंही अक्काला काही विचारलं नाही. मीच विचारलं, "कसं झालं?"

"कसलं काय भाऊ, पाय लई मेले," ती वाकळ झटकत म्हणाली. "दुपारी तर दोनदा डोळाच लागला. पण उठले न्हाई. पाच वाजेस्तोवर उठले न्हाई मी."