मसालेभाताला नमस्कार

सदाशिव पेठेत पित्त पुष्कळांना होतं, पण ते इतक्या मानाने वागवणारा माणूस एकच, आमच्या हिचे मामा. छातीत जळजळ झाली की इतर लोक कळवळतात. मामा घड्याळ बघत. पहिल्याच घासाला तो पदार्थ पुन्हा केव्हा वर येणार हे ते छातीठोकपणे सांगत, आणि तो येईही. आमच्या लग्नात आचारी मोठ्या आशेने समोर उभा होता. मामांनी मसालेभात चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "उत्तम! दुपारच्या चहाला पुन्हा भेट होईल." रात्री पित्त घशाशी येऊ नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली त्यांनी विटा लावल्या होत्या, त्यामुळे सकाळी ते पायथ्याशी घसरलेले सापडत. "अहो, एकदा दाखवा तरी डॉक्टरांना," असं मामी म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, "इतक्या वर्षांची आमची ओळख, मध्ये तिसरा माणूस कशाला?"

शेवटी घास अडकायला लागला तेव्हा मामींनी त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, की सतत आम्ल वर येऊन अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदललंय, अशातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तुकडा तपासायला पाठवलाय. "एकच अस्तर जन्मभर चालवलं, आणखी काय हवं?" मामा तिथेही बोललेच. पण त्याच आठवड्यात नारायण पेठेत एक मुंज होती. मसालेभात वाढला गेला, सगळी पंगत मामांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, "छान झालाय." बस्स, एवढंच. पुढचं भाकीत नाही. मामी माझ्या कानात म्हणाल्या, "हे घाबरलेत हो."

रिपोर्ट चांगला आला. कर्करोग नव्हता. आता रोज गोळी, दिवसाउजेडी जेवण, मसाला बंद, आणि ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण. त्या आनंदात मामींनी आम्हाला जेवायला बोलावलं. माझ्या पानात मसालेभात, मामांच्या पानात मऊ भात. मी घास घेतला, तसे मामा माझ्याकडे बघत राहिले.

"लवंग जास्त पडलीय ना?"

"थोडी."

"मग जावईबापू, दुपारच्या चहाला येणार हा. आला की आमचा नमस्कार सांगा."

आम्ही खूप हसलो. मामी मात्र तूप आणायच्या निमित्ताने आत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या. मला तो हसरा, जपून भात कालवणारा माणूस फार फार आवडला.

दुपारी घरी चहाचा कप तोंडाला लावला आणि मसालेभात आला, अगदी वेळेवर. मी आधी मामांचा नमस्कार सांगितला, मगच गोळी शोधायला उठलो.