हळदीकुंकवात लावलेला पंखा

आत्ताच अकोल्याहून घरी आले. साडी नंतर बदलेन, मैत्रिणींनो, आधी हे ऐका.

थोरल्या जाऊबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सगळ्या जणी स्वेटर घालून बसलेल्या, आणि मी काळ्या काठपदरात घामानं निथळतेय! छाती धडधडत होती. कपाळावरचं कुंकू पार नाकावर ओघळलं. गेले काही महिने असंच चाललंय. अंगात अचानक आग, झोप नाही, पाळीचा भरवसा नाही. हृदयाचं काही निघेल या भीतीनं मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

शेवटी लाज सोडली, उठले आणि पंखा लावला.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तेल्हाऱ्याच्या मामीसासू म्हणाल्या, "पाळी जाऊन राहिली का वं तुही? मंग घाबरून काहून राहिली? मी तं भर थंडीत कूलर लावून झोपत होती!"

काय हसलो म्हणता! तेवढ्यात जाऊबाई तिळगुळाचं ताट ठेवून हळूच पंख्याखाली सरकल्या. "मले बी होते वं असंच."

"मंग तुमी मले काहून नाही सांगितलं?"

"तू सांगितलं होतं का?"

सोमवारी त्या अमरावतीला माझ्याकडे येताहेत. दोघी मिळून डॉक्टरबाईंकडे जाऊ, धडधडही तपासून घेऊ. पण छातीवरचं अर्धं ओझं आजच उतरलं.

तुमच्याकडे हळदीकुंकू असेल तर एकदा पंखा लावून बघा. त्याखाली कोण कोण येऊन बसतं, ते मला सांगा.