तिकिटावरचा गाणेवाला

जोयड्याचे पोस्टमास्तर तिकिटावर शिक्का मारण्याआधी त्यावरच्या इंग्रज बादशहाच्या चित्राला हात जोडून म्हणत, "माफी असू द्या, महाराज." मग शिक्का असा हाणत की टेबलावरची दौत उडे. मी जंगल खात्यात कारकून होतो. साहेबांचं टपाल आणायला रोज जाई.

एकदा साहेबांना जर्मनीहून पाकीट आलं. त्यावर तिथल्या एका संगीत नाटककाराच्या स्मरणार्थ काढलेलं, त्याचा चेहरा छापलेलं तिकीट होतं. त्यावर शिक्का मारायचा तिकडं राहून गेला होता, तो आता मास्तरांनी मारायचा होता.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

साहेबांकडून ऐकलं होतं ते मी सांगितलं. "संगीत देवासारखं, मास्तर. पण ज्यू लोकांविरुद्ध लई जहरी लिहिलं. त्यावरनं तिकडं अजून भांडणं हायेत."

मास्तर अडले. ह्याला हात जोडावेत की न्हाई, हेच त्यांना ठरेना. दिग्गीहून चालत आलेली माणसं दारात खोळंबली. शेवटी हात न जोडताच त्यांनी शिक्क्याची कड अलगद टेकवली. काळी शाई नेमकी ओठांवर बसली.

"कान मोकळं ठेवल्यात," पाकीट माझ्या हाती देत मास्तर म्हणाले. "गाणं ऐकू दे त्याला. बोलू नको म्हणावं."