पाळण्यावरचा उजेड

पोखर्णीला आमच्या अंगणात भाचीचं बारसं होतं, तेव्हा फोटो काढायला परभणीहून एक बाई आली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पदर खोचून तिनं पाळण्याशेजारी उंच स्टँड उभा केला, त्याच्या बुडाशी वाळूची पिशवी ठेवली. वरच्या आडव्या दांडीला ब्रॅकेट बसवून त्यात फ्लॅश अडकवला, उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशपुढे पांढरी छत्री लावली. स्क्रू आवळताना ती खालचा ओठ दातांत धरायची. वरून आणखी एक दोरीही बांधली. माझं एवढ्यावर समाधान झालं असतं. तिनं मात्र पाळणा सरकवायला लावला आणि त्या जागी, बरोबर फ्लॅशखाली, सतरंजीवर उताणी झोपली. झोपल्या झोपल्या पायानं स्टँड हलवायला लागली.

बाया हसल्या. आई म्हणाली, "अगं पोरी, फोटो काढायला आलीस का झोपायला?"

"लेकराच्या डोक्यावर टांगायलेय, मावशी," ती वर बघतच म्हणाली. "पडायचं असंल तर आधी माझ्यावर पडू द्या."

काहीच पडलं नाही, तेव्हा ती उठली आणि पाळणा परत फ्लॅशखाली आणायला लावला.

भाचीची आत्या तिच्या कानात नाव सांगत होती, तेवढ्यात वावटळ अंगणात शिरली. पत्रावळ्या उडाल्या, छत्री टरारून फुगली. मी पाळण्याकडं धावलो. त्या बाईनं त्याच क्षणी शांतपणे फोटो काढला.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात मी घाबरून धावतोय आणि भाची मऊ उजेडात गाढ झोपली आहे. ती बाई त्यात नाही. मला मात्र पाळण्याच्या जागी अजून तीच निजलेली दिसते.