न वरचा ठिपका

छपाईसाठी फाइल पाठवणं म्हणजे एक बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कधी पाठवलेली नसते. मी सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललं होतं आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी यायचं. नव्या इमारतींच्या जाहिरातींत मी निळेशार तरणतलाव बसवायचे आणि मग उठून टँकरखाली ड्रम लावायला जायचे.

त्या वर्षीच्या दुष्काळात पिशोरची मावशी आली. सख्खी नव्हे. वडील कन्नडच्या तहसील कचेरीत कारकून असताना आम्ही पिशोरला तिच्या शेजारी राहायचो. रानात काम उरलं नव्हतं, म्हणून तिनं आणखी दहाजणींना गोळा करून उडदाचे पापड लाटायला घेतले होते. कुरडईला पाणी फार, पापडाला ओंजळभर पुरतं, असं तिचं म्हणणं. शहरातला एक मोठा दुकानदार माल ठेवायला तयार होता, पण सुटा नको, छापील पाकिटात हवा. पाकिटं छापणारी कंपनी पुण्याची. ती फाइल फक्त ईमेलवर घ्यायची आणि तिच्यावरून छपाईचा सिलिंडर, म्हणजे धातूचा रूळ, कोरायची. वडिलांना सिलिंडर ठाऊक तो गॅसचा. पापडाला एवढा गॅस कशाला, म्हणून दोन दिवस ते काळजीत होते. मला काळजी वेगळीच होती. एकदा कोरलं की कोरलं, आणि दुसरा सिलिंडर करायची अकराजणींची ऐपत नव्हती. मी मावशीला सांगितलं, तू पापड लाट, फाइल माझ्यावर सोड.

मजकूर तिनं सांगितला, मी कागदावर लिहिला: हाताने लाटलेले उडदाचे पापड. चौथीपर्यंत शिकलेली मावशी बोट ठेवत वाचायला लागली आणि पहिल्याच शब्दाशी थांबली.

"हे 'हाताने' काय हाय?"

मी म्हटलं, छापताना असंच शुद्ध लिहितात. वडिलांनीही मान डोलावली.

"आमी हातानं लाटतो," ती म्हणाली. "हाताने कोन लाटतं ते आमाला म्हाईत नाय."

मी मात्रा खोडून न वर अनुस्वार दिला. जन्मभर सरकारी मराठी लिहिलेल्या वडिलांना ते रुचलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं.

मग सुरू झाली फाइलची वारेमाप ये-जा. पहिल्यांदा पाठवली, तर पुण्याच्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता. पापडांच्या जागी तिकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षराचं चित्र करायचं. मग फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, पण त्या अक्षराला आपण अक्षर आहोत हेही आठवत नाही. दुसऱ्यांदा फाइल इतकी जड झाली की मेलला जोडता जोडता वीज गेली. तिसऱ्यांदा कडेनं कापण्यापुरता जास्तीचा रंग सोडायचा राहिला. प्रत्येक वेळी मी दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा बसले. पाठवणारच, असं मी संगणकाच्या त्या डब्याला मोठ्यानं सांगत असे. शेवटी शनिवारी सकाळी कंपनीकडून नमुना आला. चारच्या आत मंजुरी द्या, नाहीतर तुमची पाळी तीन आठवडे पुढे, असं सोबत लिहिलेलं. तिकडे पिशोरला पापडांचे डबे भरले होते आणि दुकानदार तेवढा थांबणार नव्हता.

मी नमुना छापून घेतला, भराभर वाचला. सगळं ठीक. मंजुरी लिहायला घेतली तेव्हा मागून वडिलांनी विचारलं, "रुजवात घेतली का?"

कचेरीत नकलेच्या खाली दोन सह्या असत. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची, म्हणजे मुळाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहणाऱ्याची. मी म्हटलं, वाचलंय मी. ते म्हणाले, ज्यानं नक्कल केली त्यानं रुजवात घ्यायची नसते. मी घड्याळाकडे पाहिलं, वैतागले, आणि मावशीचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते नमुना वाचू लागले.

"ह ला काना. त ला काना. न."

"न वर अनुस्वार," मी म्हटलं.

"नाही."

खरोखरच नव्हता. नुसतं 'हातान' उरलं होतं. मी पाठ असलेलं वाचलं होतं, समोरचं नव्हे.

पुण्याला फोन लावला. ऑपरेटर बिचारा सज्जन होता. म्हणाला, तो ठिपका होय, धूळ समजून मीच पुसला. वर म्हणाला, आता 'हाताने' करू का, बरोबरही तेच आहे. फोन मोठ्या आवाजावर होता. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या मनातला शब्द आयताच चालून आला होता.

ते फोनकडे वाकून म्हणाले, "मुळात आहे तसंच करा. नक्कल करणाऱ्यानं शहाणपणा करायचा नसतो."

त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. ऑपरेटरनं ठिपका परत बसवून नमुना धाडला, तोवर आमच्याकडची वीज गेली. मी वडिलांना स्कूटीवर मागे बसवलं आणि इन्व्हर्टर असलेलं इंटरनेट कॅफे गाठलं. तिथं पडद्यासमोर पुन्हा पहिल्यापासून रुजवात घेतली. चारला दहा मिनिटं असताना मंजुरी गेली. वडिलांच्या हट्टापायी मी तिच्याखाली 'रुजवात घेतली' असंही लिहिलं. हे काय असतं, असं विचारायला पुण्याहून फोन आला.

पाकिटं आली तेव्हा मी एक गठ्ठा घेऊन पिशोरला गेले. सगळ्याजणी भोवती जमल्या. मी मावशीला ठिपक्याची सगळी कहाणी सांगितली. तिनं एक पाकीट मांडीवर घेतलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि न वरचा ठिपका अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहिला. एकदा, दोनदा, मग जरा जोर लावून.

"नाय निघत," ती बायकांना म्हणाली, आणि पाकीट पुढचीच्या हातात दिलं.