दादाच्या स्मरणार्थ एक कॅल्क्युलेटर

थोरला भाऊ जिवंत असताना त्याचा कॅल्क्युलेटर मी त्याच्याच स्मरणार्थ संग्रहालयाला देऊन टाकला.

संग्रहालय म्हणजे संग्रामपूरकडच्या एका कॉलेजातली लांबट खोली. जुन्या वस्तू गोळा करत होते. दादानं आपणहून कॅल्क्युलेटर काढून दिला. मी फक्त पोचवायचा. तिथं एक फॉर्म भरायचा होता. 'देणगीदार' या रकान्यात मी माझं नाव टाकलं, कारण उभा मी होतो. पुढचा रकाना 'कोणाच्या स्मरणार्थ'. जन्म कचेरीत गेलेला माणूस मी; रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो, हे हाडात मुरलेलं. दादाचं नाव लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

घरी चहा पिताना लक्षात आलं, काय लिहून बसलो ते. आमच्याकडे बाकावर, पंख्यावर, पाणपोईवर 'स्मरणार्थ' रंगवलेलं असतं आणि त्यातला एकही माणूस चहा प्यायला शिल्लक नसतो. त्यात दादाची अँजिओप्लास्टी होऊन महिनाच झालेला. वहिनीपुढे डास मेला म्हणायचीही सोय नव्हती.

आठवड्यानं दादा म्हणाला, "चाल, पाहून येऊ कसा ठेवला त्याईनं."

मी ऊन सांगितलं, मग टायर, मग कंबर. मधेच एकटा जाऊन आलो. काचेआड पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरांत माझं नाव, खाली बारीक अक्षरांत दादा, स्मरणार्थ. शिपाई म्हणाला, "कपाटाची चाबी सरजवळ हाय अन् सर सुट्टीवर." मी काच नखानं खरवडून पाहिली. त्यानं हटकलं.

दुसऱ्याच दिवशी दादा ऑटो घेऊन दारात.

खोलीत शिरल्याबरोबर मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

"सरक बे."

"दादा, तिकडं ग्रामोफोन पाह्य ना."

"सरक म्हन्तो ना!"

सरकलो. खिडकीचा उजेड काचेवर चमकत होता. दादानं खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून काचेवर ओढला आणि आत गडप झाला. जमीनमोजणीच्या नोकरीत असताना सोनाळ्याच्या शेतांत तो हेच करायचा. उन्हात त्या कॅल्क्युलेटरचे लाल आकडे दिसत नसत. मग दुपट्ट्याखाली अंधार करून गुणाकार. तोवर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंचे शेतकरी ताटकळत उभे. धुरा कोणाकडे सरकणार, ते दुपट्टा वर झाल्यावरच कळायचं.

आता तसा मी उभा. किती वेळ झाला कोण जाणे. एका पायावरून दुसऱ्या पायावर. ह्याच्या छातीत कळ आली तर गोळी कोणत्या खिशात? डावा की उजवा? वहिनीला काय सांगायचं?

दुपट्टा वर झाला. दादानं तो शांतपणे घडी करून खांद्यावर टाकला.

"मले मारलं ते मारलं," तो म्हणाला. "पन देणगीदार तू? जन्मात कोनाले चहा तरी पाजला काय बे?"